मालनची भट्टी

लोखंडाचा तवा साडीत गुंडाळून विमानात मांडीवर घेऊन बसलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझी आई होती. बाबांना हॉलंडमधल्या आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं आणि आम्ही तिघं पुण्याहून इकडे आलो. निघताना बाबा म्हणाले, "अगं, तिथे नॉनस्टिक मिळतं." आई म्हणाली, "मिळू दे की." विषय संपला. तवा आला, पण इथे त्याची पंचाईत झाली, कारण घरात काळ्या काचेची शेगडी होती. बटण दाबलं की काचेखाली एक लाल गोल उमटायचा आणि त्यावर म्हणे स्वयंपाक करायचा. आईनं पहिल्या दिवशी त्या गोलाकडे वाकून वाकून पाहिलं. "ही काय आग म्हणायची? नुसतं कुंकू लावल्यासारखं दिसतंय," म्हणाली, आणि तवा त्यावर असा आपटला की घरमालकाच्या काचेला पहिल्याच दिवशी ओरखडा पडला.

घर रांगेतलं, विटांचं, पुढे भलीमोठी खिडकी, मागे टीचभर बाग आणि सायकली ठेवायची शेड. त्या घराचा आवाज म्हणाल तर माझ्या कानात तो एकच आहे: छताला चिकटवलेल्या धुराच्या अलार्मचा. आईनं फोडणी टाकली की तो किंचाळायचा. मोहरी तडतडली, मिरची पडली, की टीं टीं टीं. मग बाबा असतील तिथून टॉवेल घेऊन धावत यायचे आणि अलार्मखाली उड्या मारत वारा घालायचे. ऑफिसातली मोठी मोठी माणसं ज्यांचं ऐकायची, ते बाबा रोज संध्याकाळी आमटीसाठी टॉवेल फडकवत नाचायचे. आई मागे वळूनही बघायची नाही. पण तिचे खांदे हलत असायचे, आणि मला पक्कं ठाऊक आहे की कधी कधी ती एक मिरची मुद्दाम जास्त टाकायची.

आई कोल्हापूरची. तिच्या वडिलांची, माझ्या आजोबांची, तिथे लहानशी फाउंड्री होती. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, पंपांचे भाग करायचे. आईचं बालपण त्या वाळूत गेलं. लग्न होऊन पुण्याला आली आणि तिची भाषा घासूनपुसून शुद्ध केली गेली. कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी करतो' म्हणतात ना, तेही सुटलं. हे शुद्धीकरण केलं माझ्या आत्यानं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, कोथरूडला राहायची. बाबांच्या घरात आत्या बोलली की पुढे पूर्णविराम असायचा. आई आत्याविरुद्ध कधी अवाक्षर काढायची नाही. फक्त फार आनंद झाला किंवा फार राग आला की आतलं कोल्हापूर बाहेर यायचं, आणि मग मी आणि बाबा दोघंही जरा लांब उभे राहायचो.

आता माझं सांगते. मी पंधरा वर्षांची होते आणि शाळेत इतिहासात आपटत होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, जगभरची पोरं, आणि इतिहासाला मिस्टर लॅम्बर्ट नावाचे धिप्पाड अमेरिकन मास्तर. दोन चाचण्यांत मी असे काही गुण मिळवले की शाळेनं बाबांना बोलावून सांगितलं, वर्षअखेरचा प्रकल्प चांगला झाला नाही तर मुलीला याच वर्गात पुन्हा बसावं लागेल. बाबा घरी आले, बूट न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वर्ष वाया घालवायचं नाही. नापास झाली तर पुण्याला पाठवू. ताई म्हणालीच आहे, तिच्याकडे राहून दहावी करेल." ताईनं म्हणे माझं वेळापत्रकसुद्धा तयार ठेवलं होतं: पहाटे उठून श्लोक, मग शिकवणी, मग शाळा, मग पुन्हा शिकवणी, आणि रात्री हळद घातलेलं दूध. मी रडले, पाय आपटले.  त्या आठवड्यात फक्त बाबांच्याच वाटीतली आमटी अळणी निघत होती. बाबांनी दोनदा मीठ मागितलं, आणि दोन्ही वेळा आई म्हणाली, "अगंबाई, घालायचं राहिलं का?"

प्रकल्पाचे विषय मिस्टर लॅम्बर्टनी चिठ्ठ्या टाकून वाटले. कुणाला युद्ध, कुणाला राष्ट्राध्यक्ष, कुणाला सोन्याच्या शोधात धावलेली माणसं. माझ्या चिठ्ठीत निघाली अमेरिकेतली सुरुवातीच्या काळातली लोखंडाची भट्टी. कपाळच फुटलं माझं! पण मास्तर मात्र खूश. ते मूळचे पेनसिल्व्हेनियातल्या एका खेड्यातले. त्यांच्या घरामागच्या रानात अशी एक पडकी भट्टी होती आणि लहानपणी ते तिच्या माथ्यावर बसून सँडविच खायचे. त्यांनी मला मधल्या सुट्टीत थांबवून सगळं सांगितलं, हातवारे करत, टायवर कॉफी सांडत. टेकडीला टेकून दगडांचा जाड, उंच मनोरा बांधायचा. टेकडीवरून पूल टाकून माणसं हातगाड्यांनी येणार आणि भट्टीच्या तोंडात लोणारी कोळसा, कच्चं खनिज आणि चुनखडी ओतणार. खाली ओढ्यावर पाणचक्की, ती भाता चालवणार. एकदा पेटवली की महिनोन्‌महिने विझवायची नाही. रात्री आभाळ लाल दिसायचं आणि आसपासच्या गावातली पोरं त्या उजेडात झोपायची. रानंच्या रानं कोळशासाठी तोडली जायची, आणि रान संपलं की कधी कधी भट्टीही संपायची. मी मान हलवत होते आणि मनात आत्याकडचं दूध दिसत होतं.

घरी येऊन मी हे सगळं आईला रडक्या आवाजात ऐकवलं. ती भाकरी थापत होती. कोळसा, भाता म्हटल्यावर तिचा हात मंदावला. मग मी सांगितलं की वितळलेलं लोखंड वाळूतल्या एका मोठ्या चरात सोडायचे आणि त्या चराला लागून लहान लहान चर असायचे, आणि ते एका रांगेत डुकरिणीला लुचणाऱ्या पिलांसारखे दिसायचे, म्हणून त्या लोखंडाला इंग्रजीत अजून डुकराचंच नाव आहे, पिग आयर्न. आई जी हसायला लागली! पिठाचे हात तोंडावर. "आगा आई आई! अमेरिकेतबी असंच करत होते व्हय?" म्हणाली. मी दचकले. कोल्हापूर बाहेर आलं होतं. "कागदावर काय चित्रं काढत बसतीस? भट्टी बांधूया. खरी. मी बांधतो."

मी बांधतो!  आज माझी मुलगी मला मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं डचमध्ये उत्तर देते आणि मी तिला सुधारायला तोंड उघडते, तेव्हा मला ते 'मी बांधतो' ऐकू येतं आणि मी गप्प बसते.

लोखंड वितळवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, हे आईनंच सांगितलं. त्याला फार आच लागते. "कथील वितळवू," म्हणाली, "ते लोण्यासारखं वितळतं." कंबरेएवढी भट्टी करायची, विटांचा चौथरा, वर मातीचा मनोरा, आणि भात्याच्या जागी तंबूतली गादी फुगवायचा पायानं दाबायचा पंप. कोळसा सुपरमार्केटमधला, बार्बेक्यूचा. चिकणमाती कुंभारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणली. पण नुसती माती तडकते, तिच्यात शेण पाहिजे, असं आईचं म्हणणं. मी हात जोडले. "आई, शेण नको गं." पण ऐकेल तर ती आई कसली? शनिवारी आम्ही दोघी सायकलींवर गावाबाहेर एका शेतावर गेलो. आईच्या हँडलला सुपरमार्केटची पिशवी. शेतकरी उंच, लाल गालांचा, रबरी बूट घातलेला. आईनं आपल्या मोडक्या डचमध्ये, अगदी नम्रपणे विचारलं, "मेनेर, थोडं शेण मिळेल का, प्लीज?" त्याला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. या देशात गाई इतक्या आणि शेण इतकं की शेतकऱ्याला त्याचासुद्धा सरकारदरबारी जाब द्यावा लागतो. ते घेऊन जा म्हणून लोकांच्या विनवण्या कराव्या लागतात. आणि इथे एक बाई साडीवर जॅकेट घालून पिशवी पुढे करतेय. त्यानं बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं, बघ म्हणून. तिनं आम्हाला कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं, आणि डबा बंद केला. येताना पिशवी माझ्या हँडलला होती. वर्गातली दोन मुलं वाटेत भेटली, "काय आणलंस?" म्हणाली, आणि मी "कंपोस्ट" म्हणून जोरात पॅडल मारलं.

आता कथील. आमच्या दिवाणखान्यात बाबांचा एक पेला होता, चांगला ढब्बू, झाकणाचा, कान असलेला, कथलाचा. राणीच्या वाढदिवसाला इथे सगळं गाव घरातलं जुनंपानं रस्त्यावर मांडून विकतं, त्यात बाबांनी तो घेतला होता, आणि "ही खरी डच कारागिरी" असं प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. आईला तो पेला बघवत नसे. तो तिलाच घासावा लागे. एके दिवशी तो जागेवर दिसला नाही. मी आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे पाहत होती. "पॉलिशला दिलाय," म्हणाली.

भट्टी उभी राहिली, मागच्या बागेत, चाकं लावलेल्या, ढकलता येईल अशा लाकडी फळीवर. मग प्रश्न आला नावाचा. मिस्टर लॅम्बर्टनी सांगितलं होतं की तिकडच्या बऱ्याच भट्ट्यांना मालकाच्या बायकोचं नाहीतर लेकीचं नाव द्यायचे, तेव्हा तूही दे. जेवताना मी ते सांगितलं. आईला ते फार आवडलं. "भट्टीला बायकोचं नाव! पारख होती माणसांना." बाबा त्या दिवशी खुशीत होते. मीठ परत आलं होतं. म्हणाले, "मग सोपंय. तुझंच नाव. मृणाल भट्टी." आईनं घास ताटात परत ठेवला.

"मृणालचा काय संबंध?" ती म्हणाली. "मृणालनं आयुष्यात एक पोळी जाळली नाही. भट्टीवर बसणारी मालन होती."

मला काही कळेना. मालन कोण? आईनंच सांगितलं, अगदी सहज, भाजी वाढता वाढता. तिचं माहेरचं नाव मालन. लग्नात नवरीचं नाव बदलायची आमच्यात रीत. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. आत्याला मालन हे नाव गावंढळ वाटलं. तिनं मृणाल ठरवलं, बाबांनी लिहिलं, पेढे वाटले. "माझे वडील शेवटपर्यंत फोनवर मालनच म्हणायचे," आई म्हणाली. "ते गेल्यापासून तिला कुणी हाक मारली नाही. मारणार कोण?" बाबा म्हणाले, "अगं, तेव्हा सगळेच बदलायचे." आई म्हणाली, "बदलायचे की. मी कुठं काय म्हणते?" आणि कोशिंबीर वाढली. बाबांनी त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही. मला आईचा फार राग आला, की हे तिनं मला इतकी वर्षं सांगितलं नाही, आणि मग आत्याचा आला, आणि मग बाबांचा. तरी पोस्टरवर मी 'मृणाल फर्नेस' असंच रंगवलं, कारण दुसरं नाव लिहायला ते आईनं मला द्यायला हवं होतं आणि ती त्यावर पुन्हा बोललीच नाही.

सादरीकरणाचा दिवस उजाडला. शाळेच्या मागच्या अंगणात भट्टी, भोवती वर्ग, मिस्टर लॅम्बर्ट खुर्चीवर, आणि कोपऱ्यात शाळेचा केअरटेकर अग्निशामक नळकांडं छातीशी धरून उभा. बाबा कॅमेरा घेऊन अर्धा दिवस सुट्टी काढून आले होते. आणि इथे आईनं ती चूक केली जी जगात फक्त आमच्याच लोकांकडून व्हावी. नवं यंत्र, त्याला पूजा नको? तिनं पर्समधून हळदकुंकू काढलं, भट्टीला पाच बोटं लावली, उदबत्ती ओवाळली. मास्तर भारावून बघत होते. मग पिशवीतून नारळ निघाला आणि आईनं तो, आजोबांच्या फाउंड्रीत फोडायचे तसा, चौथऱ्याच्या कोपऱ्यावर दणकन हाणला. नारळ पहिल्याच घावात फुटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भट्टीलाही तडा गेला, पण तो त्या वेळी कुणालाच दिसला नाही.

मी कोळसा पेटवला, पाय पंपावर ठेवला आणि पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. टेकडी, पूल, पाणचक्की, रान. आई वरून आलटून पालटून कोळसा आणि कथलाचे तुकडे टाकत होती. बाबा फोटो काढता काढता थांबले. तिच्या हातात एक झाकण होतं.

"अगं, हा माझा पेला!"

"होता," आई म्हणाली, आणि झाकण आत टाकलं.

तेवढ्यात भट्टीच्या कुशीत टक् असा आवाज झाला. तडा वरपर्यंत उकलला आणि आतून लालभडक निखारे दिसायला लागले. मातीचा एक ढलपा खाली पडला. पोरं किंचाळत मागे सरली. केअरटेकर नळकांड्याची पिन काढून धावला. त्यानं ते फवारलं असतं तर भट्टी गेली, कथील गेलं, माझं वर्ष गेलं, आणि मी कोथरूडला. माझा पाय पंपावरच थांबला. आई मात्र त्याच्या आडवी गेली, दोन्ही हात पसरून, आणि चक्क मराठीत ओरडली, "ए बाबा, लांब हो! हात लावशील तर बघ!" त्याला शब्द कळले नाहीत, पण तो थांबला. आईनं उरलेल्या शेणमातीचा गोळा उचलला, भेगेवर थापला, वर दुसरा थापला, भाकरीसारखाच, हात भाजला तो फुंकला आणि तिसरा थापला. "पोरी, पाय का थांबला? मार की भाता! अहो, तुम्ही काय फोटो काढताय? तिला दम लागलाय, तुम्ही मारा!" बाबांनी कॅमेरा मिस्टर लॅम्बर्टच्या हातात दिला आणि ऑफिसच्या बुटानं पंप दाबायला लागले. मास्तर हसून हसून लाल. "बोलत राहा," मला म्हणाले, "खऱ्या भट्ट्याही अशाच फुटायच्या!" मग मी बोलत राहिले, पण पाठ केलेलं नाही. भट्टी फुटली तर काय करायचं, ती का विझू द्यायची नाही, आत धातू थिजला तर सगळंच कसं गोठून बसतं, आई पुटपुटत होती ते मी इंग्रजीत सांगत गेले.

भेग धरली. आईनं भट्टीपुढे पसरलेली वाळू मुठीत दाबून पाहिली आणि म्हणाली, "सोडूया." वाळूत डुकरीण आणि तिची पिल्लं आखून तयार होती. मिस्टर लॅम्बर्टनी विचारलं, "आणि हिचं नाव?" मी पोस्टरकडे बोट दाखवणार, तोच बाबा पंप सोडून पुढे आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. ते वाळूजवळ गुडघे टेकून बसले, बोटातली लग्नाची अंगठी काढली आणि डुकरिणीच्या चराच्या तळाशी, वाळूत, अंगठीनं लिहिलं: मालन.

आईनं वाकून अक्षरं पाहिली. मग म्हणाली, "अहो, उलटं."

"काय?"

"उलटं लिहा. साच्यात सगळं उलटं लिहावं लागतं, तेव्हा ते सुलटं निघतं. एवढं साधं कळत नाही, आणि म्हणे इंजिनियर."

बाबांनी तळहातानं वाळू सारखी केली आणि पुन्हा लिहायला घेतलं, उजवीकडून डावीकडे, जीभ दातांत धरून. काना आधी कुठे काढायचा यावरून अडले. आईनं मदत केली नाही. झाल्यावर तिनं सळईनं भट्टीचं तोंड फोडलं आणि बाबांचा पेला चकाकत वाहत आला, नावावरून गेला, पिल्लांत भरला आणि बघता बघता दुधाळ होऊन थिजला. ते सुलटं निघालेलं नाव आता मी राहते त्या झूटरमेर गावी माझ्या स्वयंपाकघरात टांगलेलं आहे. बाबांचं अक्षर तसं वाईटच.

मी पास झाले. निकाल हातात आला त्यानंतरच्या रविवारी सकाळी पुण्याहून नेहमीसारखा आत्याचा फोन आला. आई तव्यावर पोळी टाकत होती. फोन बाबांनी उचलला. "ताई, ऋजुता पास झाली. नाही, नाही पाठवत. इथेच राहील." मग पलीकडून बराच वेळ आत्याच बोलली. मी दाराला टेकून बाबांचं तोंड बघत होते. मग आत्यानं बहुतेक म्हटलं असणार, मृणालला फोन दे, कारण बाबांनी एकदा आईकडे बघितलं, घसा खाकरला, आणि म्हणाले,

"मृणाल नाहीये, ताई. मालन आहे. देऊ का?"

  आई पाठमोरी उभी होती, उलथनं हातात, आणि वळली नाही. तव्यावरची पोळी काळी पडत गेली, तिचा धूर वर गेला, अलार्म किंचाळायला लागला, आणि टॉवेल घ्यायला कुणीच धावलं नाही.